न निघालेला हुकूम

१८६३ च्या मार्च महिन्यात नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेत एक मुलगा जन्मास आला. बारा वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, महाराणी जमनाबाईंनी त्यास दत्तक घेतले आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले. हा इतिहास आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकलेला आहे. त्याच १८६३ सालच्या जुलै महिन्यात सेंट पीटर्सबर्ग येथे रशियाच्या झारचा गृहमंत्री प्योत्र व्हालुयेव्ह याने मुद्रण-नियंत्रकांना एक गोपनीय परिपत्रक पाठविले. युक्रेनियन लोकांची भाषा ही स्वतंत्र भाषा नसून पोलिश संसर्गाने बिघडलेली रशियनच होय, अशा आशयाचे मत त्यात नमूद केलेले होते. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. तरीही गेली दोन-तीन वर्षे त्या माझ्या मनात शेजारी शेजारी येऊन बसल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे आपल्या बडोद्याच्या मराठीविषयी काही निराळे विचार सुचले. ते वाचकांपुढे ठेवावेत म्हणून हा लेखनप्रपंच.

व्हालुयेव्हच्या परिपत्रकानंतर तेरा वर्षांनी, १८७६ च्या मे महिन्यात, झार दुसरा अलेक्झांडर जर्मनीतील एम्स या गावी औषधी झऱ्यांच्या पाण्यासाठी गेलेला असताना त्याने आणखी कडक हुकमावर सही केली. युक्रेनियन भाषेत मूळ ग्रंथ किंवा भाषांतरे छापू नयेत, परदेशात छापलेली पुस्तके विनापरवाना देशात आणू नयेत, त्या भाषेत नाटके करू नयेत, इतकेच काय, स्वरलिपीखाली गाण्याचे युक्रेनियन शब्दही छापू नयेत, असे त्या हुकमाचे स्वरूप होते. पुढे १८८१ मध्ये नाटके, गाणी व कोश यांवरील बंधने अटी घालून थोडी सैल करण्यात आली. एकंदर व्यवस्था १९०५ च्या क्रांतीपर्यंत टिकली.

एखाद्या सत्तेने प्रजेच्या भाषेवर बंदी घालावी यात नवल नाही. जगात असे पुष्कळ ठिकाणी घडले आहे. मला विचारात पाडले ते या हुकमांत कशाला मुभा होती या गोष्टीने. १८६३ च्या परिपत्रकाने धार्मिक पुस्तके, शालेय पुस्तके आणि सामान्य जनांना ज्ञान देणारी पुस्तके अडविली. ललित वाङ्मयास मात्र मोकळीक ठेवली. १८७६ च्या हुकमातही जुने ऐतिहासिक दस्तऐवज आणि ललित लेखन यांना, नियंत्रकाच्या कात्रीखालून आणि रशियन लेखनपद्धतीत का होईना, वाट होती. म्हणजे प्रेमाच्या कविता लिहा, खेड्यातील गमतीच्या गोष्टी लिहा. परंतु त्या भाषेत मुलाला गणित शिकवू नका, शेतकऱ्याला रोगराईची माहिती देऊ नका, विज्ञान किंवा कायदा लिहू नका. पीटर्सबर्गच्या अधिकाऱ्यांना भाषेचे मर्म नेमके कळले होते. जी भाषा गाण्यापुरती आणि हसण्यापुरती उरते तिच्यापासून साम्राज्याला भय नसते. तिची आपोआप बोली होते आणि बोलणारी माणसे ज्ञानासाठी दुसऱ्याच्या दारात उभी राहतात.

आता याच काळात आपल्या गावी काय चालले होते ते पाहू. परिस्थिती वरवर पाहता सारखीच होती. राज्यकर्त्यांची भाषा एक, प्रजेची दुसरी. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ मध्ये बडोदे कायमचे ताब्यात घेतले तेव्हापासून शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, शिक्षक अशा नाना मिषांनी आपली घराणी येथे आली. दरबारात मराठी होती, दप्तरात मोडी होती. राज्यातील बहुसंख्य रयत मात्र गुजराती बोलत होती. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीराव महाराजांच्या हाती राज्याची सूत्रे आली. त्यांनी मनात आणले असते तर राज्यकर्त्यांची भाषा रयतेवर लादणे अवघड नव्हते. त्यांनी कारभारात आणि न्यायालयांत गुजरातीला तिचे स्थान दिले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोगादाखल सुरू झाले आणि १९०६ मध्ये सर्व राज्यास लागू झाले. ते मुलांच्या भाषेतून होते. शहरात मराठी मुलांसाठी मराठी शाळा राहिल्या. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले तेव्हा रंगकाम, यंत्रकाम, रसायन हे विषय देशी भाषेतून शिकविता येतात ही त्यामागची श्रद्धा होती. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी.

ग्रंथांच्या बाबतीतही तेच धोरण दिसते. दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढून त्याच्या व्याजातून श्रीसयाजी साहित्यमाला आणि श्रीसयाजी बालज्ञानमाला चालविण्यात आल्या, आणि त्यांत मराठी व गुजराती या दोन्ही भाषांतून इतिहास, विज्ञान, आरोग्य, समाजशास्त्र, चरित्र असे विषय आले. १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगाव ग्रंथालये उभारण्याचे काम हाती घेतले गेले. १९३१ मध्ये श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू प्रसिद्ध झाला. कारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी, हिंदी, बंगाली इत्यादी भाषांत कोणते प्रतिशब्द देता येतील याचा तो कोश. १९०९ मध्ये मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले, कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्याचे अध्यक्ष होते. आणि तीनच वर्षांनी, १९१२ मध्ये, गुजराती साहित्य परिषदही याच नगरात भरली. एका घरात दोन बहिणींची कार्ये व्हावीत तसे हे झाले. स्वतः महाराज १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

पीटर्सबर्गने जे हिरावले ते बडोद्याने दिले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. सयाजीराव हे इंग्रजी सत्तेचे मांडलिक होते, त्यांच्या राज्यात सगळे आलबेल होते असेही नाही. पण मुलाला त्याच्या भाषेत केवळ गोष्ट सांगून भागत नाही, शास्त्रही सांगावे लागते, हे त्यांना उमगले होते. मला तर वाटते की १९४९ च्या १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९६० च्या १ मे रोजी आपण गुजरातचे रहिवासी झालो, तेव्हा येथील मराठी माणसाकडे फारशा रोषाने कोणी पाहिले नाही याचे एक कारण या धोरणात आहे. ज्यांच्या राजाने आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडात कोंबली नाही, त्यांची भाषा गावात सन्मानाने राहिली.

युक्रेनचा विषय माझ्या डोक्यात कसा आला तेही सांगावयास हवे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा तेथे वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुले ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेतून परत आली. त्यांत गुजरातची मुलेही होती. आमच्या शेजारच्या गुजराती कुटुंबातील एक मुलगा त्यांपैकीच. तो खार्किव्ह शहरी शिकत होता. वैद्यकीचे शिक्षण इंग्रजीतून, पण रुग्णांशी बोलता यावे म्हणून स्थानिक भाषा शिकावी लागे. ती तो रशियन शिकला, कारण खार्किव्हमध्ये बाजारात आणि रुग्णालयात बहुतेक रशियनच कानी पडे. त्यांच्या वसतिगृहाची देखभाल करणारी एक प्रौढ बाई होती. तीही रशियनच बोले. मात्र कोणी तिला रशियन म्हटले की ती त्याच भाषेत ठणकावून सांगे, मी युक्रेनियन आहे. युद्धानंतर तिचे निरोप या मुलाला युक्रेनियन भाषेत येऊ लागले. त्याला ते यंत्राकडून भाषांतर करून घेऊन वाचावे लागत.

हे सर्व सांगून झाल्यावर त्याने मला गुजरातीतच विचारले, “काका, तुम्ही घरात मराठी बोलता, माझ्याशी गुजराती बोलता. मग तुम्ही नक्की कोण?”

हा प्रश्न त्याच्या आजोबांनी मला कधी विचारला नसता. त्यांच्या लेखी आम्ही ‘दक्षिणी’ होतो आणि त्या एका शब्दात सगळे उत्तर सामावलेले होते. मी त्या मुलाला म्हणालो, “मी बडोद्याचा मराठी माणूस. यातला एक शब्द काढला तर उरलेला माझ्या कामाचा नाही.” तो हसला. पण उत्तर देऊन झाल्यावर मला ते तपासून पाहावेसे वाटले.

आमच्या घरात गच्चीला अगाशी म्हणतात, खिडकीला बारी, झोपाळ्याला हिंचका. भाजी चिरली असे आजी क्वचितच म्हणे. ती भाजी समारीत असे. पुण्याचे पाहुणे आले की या शब्दांवर हमखास हशा पिकतो आणि आपल्यातील काही मंडळी ओशाळून शब्द बदलतात. ओशाळण्याचे कारण मला तरी दिसत नाही. कोकणातून, साताऱ्याकडून, नगराकडून आलेल्या घराण्यांनी विश्वामित्रीच्या काठी तीनशे वर्षे संसार केल्याच्या या खुणा आहेत. आणि ही देवघेव एकतर्फी नाही. बडोद्याचा कोणताही गुजराती माणूस सकाळी ज्या सेवउसळीसाठी गाडीभोवती उभा राहतो, त्या पदार्थातील उसळ कोठून आली हे सांगण्याची गरज नाही.

दोन भाषांत राहण्याने माणसाची ओळख भ्रष्ट होते ही समजूत युक्रेनच्या उदाहरणानेही खोटी ठरते. त्यांचा राष्ट्रकवी तारास शेवचेंको वेठबिगारीत जन्मला. १८३८ मध्ये चित्रकार मित्रांनी अडीच हजार रुबल भरून त्याला मुक्त केले. १८४० मध्ये त्याचा ‘कोब्झार’ हा काव्यसंग्रह निघाला आणि युक्रेनियन भाषेला तिचा कवी मिळाला. १८४७ मध्ये त्याला साधा शिपाई म्हणून हद्दपार करण्यात आले, तेव्हा लिहिण्याची व चित्रे काढण्याचीही मनाई होती. असा हा माणूस. पण त्याने आपली दैनंदिनी रशियनमध्ये लिहिली, काही कथाही रशियनमध्येच लिहिल्या. म्हणून त्याच्या युक्रेनियन असण्याला कोणी बट्टा लावला नाही. आपले माधव जूलियन बडोद्यातच जन्मले, फारसीचे अध्यापक झाले आणि पुढे मराठीच्या शुद्धतेचा कैवार घेतला. भाषा ही सवत नव्हे, की एकीला घरात घेतले म्हणून दुसरीने बाहेर जावे.

तेव्हा गुजरातीपासून आपल्या मराठीला धोका आहे असे मला वाटत नाही. धोका आहे तो निराळ्या ठिकाणी, आणि तो मला घरातच दिसला.

माझ्या आजोबांच्या कपाटात आरोग्य, शेती आणि हिशेबनीस यांवरील मराठी पुस्तके होती. त्यांच्या समासात त्यांनी शाईने टिपा केलेल्या होत्या. वडील मराठी शाळेत शिकले. भूमितीचे सिद्धान्त त्यांना म्हातारपणीही मराठीतच आठवत. माझी नात आज नववीत आहे. तिचे मराठी बोलणे गोड आहे. ती गणपतीत आरत्या पाठ म्हणते, मंडळाच्या नाटकात काम करते, विनोदाला खळखळून हसते. तिला देवनागरी वाचता येते, कारण शाळेत हिंदी आहे. पण च आणि ज यांचे दोन दोन उच्चार अक्षरात दिसत नसल्यामुळे चार आणि चारा ती सारखेच वाचते. हे कानाने शिकावयाचे असते आणि ते येईल. मला चटका बसला तो दुसऱ्याच गोष्टीचा. रक्ताभिसरणाचा धडा ती करीत होती तेव्हा मी तो तिला मराठीतून सांगू लागलो. धमनी, नीला, झडप हे शब्द ऐकून तिने मला थांबविले आणि अगदी निरागसपणे म्हणाली, “आजोबा, हे मराठीत पण असतं?”

तिच्या मते मराठी ही आरत्यांची, नाटकाची, मोदकांची आणि आजी-आजोबांची भाषा. गुजराती मैत्रिणींची आणि बाजाराची. हृदयाचे कार्य, विजेचा प्रवाह, संविधान, कर्जाचे व्याज यांची भाषा इंग्रजी. ही वाटणी तिला कोणी शिकविलेली नाही. भोवताली पाहून ती स्वतःच शिकली. आणि ही वाटणी मी कागदावर मांडून १८६३ च्या परिपत्रकाशेजारी ठेवली, तेव्हा दोन्ही याद्या जवळपास जुळल्या. गाण्याला मुभा, ललिताला मुभा, शाळेच्या पुस्तकाला बंदी, ज्ञानाला बंदी. फरक एवढाच की पीटर्सबर्गला त्यासाठी मंत्री, नियंत्रक आणि तुरुंग लागले. आपल्याकडे कोणी हुकूम काढलाच नाही, आणि तरीही तो पाळला जात आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. युक्रेनच्या जनतेने जे सोसले आणि आजही सोसत आहे, त्याची आपल्या सुखवस्तू चिंतेशी बरोबरी करणे हा त्यांचा अपमान ठरेल. आपल्या भाषेसाठी कोणी हद्दपार झालेले नाही. शिवाय आपल्याला नर्मदा-तापीच्या पलीकडे एक सबंध राज्य आहे, जेथे कोट्यवधी लोक मराठी बोलतात; २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. बडोद्यातील चार घरे मराठीत शास्त्र बोलली नाहीत तर मराठी मरणार नाही. मग आपण कशासाठी झटावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे.

याचे उत्तर मला युक्रेनच्याच इतिहासात एका साहित्यसंस्थेच्या रूपाने सापडले. झारच्या राज्यात बंदी असताना युक्रेनियन लोकांचा एक भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, आणि ल्वीव्ह हे तेथील मुख्य शहर. तेथे १८६८ मध्ये ‘प्रोस्वीता’ ही लोकशिक्षणाची संस्था निघाली, जिने पुढे खेडोपाडी वाचनालये काढली. १८७३ मध्ये तेथेच शेवचेंकोच्या नावाने एक साहित्यसंस्था स्थापन झाली. सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या अल्पसंख्य लोकांनी चालविलेली, स्वतःचा छापखाना असलेली ही संस्था. आरंभीची जवळजवळ वीस वर्षे ती साहित्याचेच काम करीत होती. १८९२ मध्ये मात्र सभासदांनी घटना बदलून तिला विद्वत्संस्थेचे रूप दिले. इतिहास, भाषाशास्त्र, गणित, निसर्गविज्ञान, वैद्यक यांची प्रकाशने युक्रेनियन भाषेत निघू लागली. इव्हान फ्रांको हा कवी आणि मिखाइलो ह्रुशेव्हस्की हा इतिहासकार यांनी तिचे काम पुढे नेले. केवळ कवितेने भाषा जगत नाही, हे त्या साहित्यप्रेमी सभासदांनाच आधी कळले, याचे मला फार कौतुक वाटते. १९०५ मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनेच ही स्वतंत्र भाषा असल्याचा निर्वाळा दिला, आणि १९०७ ते १९०९ या काळात बोरिस ह्रिंचेंको यांचा चार खंडांचा युक्रेनियन शब्दकोश कीव्ह येथे छापला गेला. त्यातील शब्द अनेक वर्षे अनेक हातांनी खेड्यापाड्यांतून गोळा केलेले होते.

मुख्य प्रदेशाबाहेर राहणारी मंडळी भाषेसाठी काही निराळे करू शकतात, ते असे. बडोद्याचे मराठीपण पुण्या-मुंबईच्या मराठीपणाची दुय्यम प्रत नाही. दोन भाषांच्या मध्ये राहून दोन्हींना ज्ञानाच्या योग्यतेचे मानण्याची एक परंपरा या शहराने घडविली. ती येथेच घडली आणि ती आपण सोडली तर दुसरीकडे कोठे शिल्लक नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले तेव्हा गर्दी झाली, ग्रंथदिंडी निघाली, आपल्या सर्वांचा ऊर भरून आला. तो उत्साह खरा होता. मात्र उत्सव हे आपले बलस्थान आहेच. ज्या जागी कमतरता आहे ती जागा उत्सवाने भरत नाही.

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. पहिली ही की आपल्या या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात एक लेख तरी ज्ञानविषयाचा असावा आणि तो आपल्याच तरुण डॉक्टर, अभियंता, वकील किंवा हिशेबतपासनीस यांच्याकडून मागून घ्यावा. त्यांचे मराठी अडखळेल. अडखळू द्यावे, संपादकांनी व्याकरण सुधारावे, मजकुराला हात लावू नये. दुसरी अशी की मध्यवर्ती ग्रंथालयात सयाजी साहित्यमालेची जी जुनी पुस्तके आहेत त्यांतील एखादे महिन्यातून एकदा आपल्या मुलांसमवेत बसून वाचावे, आणि त्यातले शास्त्र आज कोठे बदलले आहे ते त्यांना सांगू द्यावे. आजोबांचे चुकलेले विज्ञान नातवंडांनी मराठीतून सुधारावे, याहून चांगला मराठीचा तास मला सुचत नाही. या बैठकीस गुजराती शेजाऱ्यांची मुले आली तर त्यांनाही बसवावे. ग्रंथ दोन्ही भाषांत आहेत.

तिसरे काम जरा वेळ घेणारे आहे. आपल्या घरांतील बडोदेकर मराठीचे शब्द, स्वयंपाकघरातले, वाड्यातले, दप्तरातले, सणावारांचे, गोळा करून ठेवावेत. पुण्याचा पाहुणा ज्यांना हसतो तेच आधी घ्यावेत. शब्द, त्याचा अर्थ, तो कोणत्या घराण्यात कोण बोलत असे, आणि तो गुजरातीतून आला असल्यास मूळ शब्द, एवढी नोंद पुरे. ज्यांच्या घरी नव्वदीच्या आसपासच्या वृद्ध स्त्रिया आहेत त्यांनी हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नये. माझ्या घरातील शब्दांची वही मी सुरू केली आहे आणि तिच्यात नातीने स्वतःच्या अक्षरात एक निराळे पान घातले आहे: धमनी, नीला, झडप, कर्णिका, जवनिका. हे शब्द बडोद्याचे नाहीत, त्या वहीत शोभत नाहीत, असे मी तिला सांगणार होतो. पण राहू दिले. वाचकांनी आपापले शब्द संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत, ही विनंती.